मेंदूच्या स्कॅनचा अहवाल : भय आणि विवेक



आपल्या समाजात पूर्वी दवाखान्याचे कागद म्हणजे रक्त-लघवीचा तपास आणि फार तर छातीचा एक्स-रे एवढेच असत. आज नांदेडच्या मोंढ्यातील किंवा लातूरच्या गंजगोलाईतील कोणत्याही दुकानाच्या गल्ल्याशेजारचा कप्पा उघडला, तर वह्यांच्या खाली एखाद्या एमआरआयचे मोठे पाकीट हमखास सापडते. डोके सतत दुखते, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात, अशा तक्रारींसाठी मेंदूचा स्कॅन सहज काढला जातो. अहवाल हाती येतो तो मात्र इंग्रजी परिभाषेत, आणि बहुधा डॉक्टरांच्या भेटीच्या एक दिवस आधी. त्या एका रात्रीत घरातील प्रत्येक जण मोबाईलवर एकेक शब्द शोधतो आणि सकाळपर्यंत घरात सुतकी कळा पसरते. म्हणून या महिन्याच्या सदरात हा अहवाल कसा वाचावा, विशेषतः मेंदूतील रक्तवाहिन्यांविषयी त्यात काही लिहिले असेल तर त्याचा अर्थ काय घ्यावा, याचा विचार करू. वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत एवढे उमगले तरी या लेखाचे काम झाले.

प्रथम यंत्रांविषयी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात जगातील पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. ते यंत्र घडविणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि त्यामागचे गणित स्वतंत्रपणे मांडणारे अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीमध्ये क्ष-किरण वापरले जातात; ताजा रक्तस्राव त्यात चटकन दिसतो आणि तपासणी काही मिनिटांत आटोपते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, प्रबळ चुंबक असतो. मेंदूच्या मऊ भागाचे बारकावे त्यात अधिक स्पष्ट दिसतात. परंतु साधा सीटी किंवा साधा एमआरआय हे मुख्यतः मेंदूचे चित्र असते, रक्तवाहिन्यांचे नव्हे. रोहिण्या, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या पाहण्यासाठी सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी, आणि नीला, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या पाहण्यासाठी व्हेनोग्राफी करावी लागते. मांडीतून अथवा मनगटातून बारीक नळी घालून मेंदूच्या वाहिन्यांत औषध सोडण्याची तपासणी, डीएसए, ही सर्वांत नेमकी समजली जाते. तिचे मूळ पोर्तुगालच्या एगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये केलेल्या प्रयोगांत आहे. तात्पर्य असे की, ‘स्कॅन नॉर्मल आला’ हे वाक्य अपुरे आहे. कोणता स्कॅन, आणि तो कशासाठी काढला, हे त्यासोबत सांगितले पाहिजे.

आता अहवालाकडे वळू. त्याचे साधारणतः तीन भाग असतात. आरंभी रुग्णाची तक्रार व तपासणीची पद्धत, मधे निरीक्षणे, आणि शेवटी ‘इम्प्रेशन’ म्हणजे निष्कर्ष. बँकेत असताना कर्जदार पेढीचा ताळेबंद आम्ही वाचत असू, तेव्हा केवळ शेवटची बेरीज पाहून भागत नसे. खालच्या टिपाही वाचाव्या लागत आणि मागील वर्षाच्या आकड्यांशी तुलना करावी लागे. येथेही तेच आहे. निरीक्षणांत रेडिओलॉजिस्टला दिसलेली प्रत्येक गोष्ट नोंदवणे भाग असते, मग ती रोगाची असो वा नसो. निष्कर्षात त्याला महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टी येतात. जुना स्कॅन असल्यास तो सोबत देणे फार मोलाचे, कारण पाच वर्षांपूर्वी होते तसेच आजही आहे, या एका वाक्याने अर्धी चिंता मिटते.

काही शब्द केवळ शरीररचनेचा वेगळेपणा सांगतात. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुस्तकातल्या चित्रासारखे पूर्ण कडे कित्येक निरोगी माणसांत आढळत नाही. एखादी वाहिनी जन्मतः बारीक असते, एखादी दुसऱ्याच फांदीतून निघते. अशा वेळी अहवालात ‘हायपोप्लास्टिक’ म्हणजे अल्पविकसित, किंवा ‘नॉर्मल व्हेरिअंट’ असे शब्द येतात. चेहरा जसा प्रत्येकाचा निराळा, तशीच ही रचना. त्यावर बहुधा औषध नसते आणि लागतही नाही.

साठीच्या पुढील मंडळींच्या अहवालात हमखास दिसणारा दुसरा शब्दसमूह म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जुनाट बदल. एमआरआयमध्ये ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात आणि फाझेकास या मापाने त्यांची श्रेणी सांगितली जाते. पहिली श्रेणी उतारवयात पुष्कळांना असते. मात्र हे ठिपके अधिक असतील, तर वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांकडे ते बोट दाखवितात. येथे आपल्या ताटाकडेही पाहावे. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य असल्याने पापड, लोणचे, शेव, खाखरा यांवर भर पडतो आणि नकळत मिठाचे प्रमाण वाढते. तिथी पाळावी, पण रक्तदाब असलेल्यांनी त्या दिवशी मूग, मटकी, पातळ डाळ यांचा आधार घ्यावा. धर्मही राहतो आणि रक्तदाबही आवाक्यात राहतो.

आता ज्या शब्दांनी झोप उडते, ते पाहू.

अन्युरिझम म्हणजे रोहिणीच्या भिंतीला दुबळ्या जागी आलेला फुगा. हा शब्द मुंबईचे चित्रपट अभिनेते सलमान खान यांनी जून २०२५ मध्ये एका कार्यक्रमात स्वतःच्या आजाराविषयी उच्चारला आणि घराघरांत पोहोचला. प्रौढ माणसांच्या पाहण्यांत असा न फुटलेला फुगा १०० पैकी सुमारे ३ जणांत आढळतो, आणि त्यांतील बहुसंख्य आयुष्यभर फुटत नाहीत. फुटला तर मात्र संकट मोठे असते. सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात. म्हणून दोन्ही टोके टाळावीत. फुग्याचा आकार किती मिलिमीटर, तो कोणत्या वाहिनीवर, त्याची कड गुळगुळीत की वेडीवाकडी, रुग्ण धूम्रपान करतो काय, रक्तदाब आहे काय, जवळच्या नात्यात कोणाचा फुगा फुटला होता काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर निर्णय ठरतो. मेंदूच्या पुढील भागातील वाहिन्यांवरचा ७ मिलिमीटरहून लहान फुगा फुटण्याचा धोका सामान्यतः कमी मानला जातो आणि ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करून त्यावर लक्ष ठेवले जाते. मोठ्या वा धोकादायक फुग्यासाठी कवटी उघडून चिमटा लावणे किंवा नळीतून आत धातूची बारीक तार गुंडाळून तो भरून टाकणे, असे मार्ग आहेत. या तारेचा माणसावर पहिला वापर १९९० मध्ये झाला. वाहिनीच्या उगमाशी असलेला नरसाळ्यासारखा निरुपद्रवी फुगवटाही कधीकधी छोट्या अन्युरिझमसारखा दिसतो. म्हणून अहवालात ‘शक्यता’ असे लिहून पुढील तपासणी सुचविलेली असते.

एव्हीएम म्हणजे रोहिणी आणि नीला यांच्यामधील केशवाहिन्यांचे जाळे गळून दोहोंचा थेट गुंता होणे. हा दोष विरळ असतो. त्यातून रक्तस्राव होण्याचा धोका दरवर्षी १०० पैकी २ ते ४ एवढा सांगितला जातो आणि कधी तो प्रथम फिटच्या झटक्याने प्रकट होतो. येथे न्यूरोसर्जनचा सल्ला अपरिहार्य होय. याउलट ‘डेव्हलपमेंटल व्हीनस अनोमली’ हे लांबलचक नाव वाचून दचकू नये. ती नीलांची जन्मजात वेगळी मांडणी असते, मेंदूच्या निरोगी भागाचेच रक्त ती वाहून नेते आणि तिला हात न लावणे हेच शहाणपण समजले जाते. ‘कॅव्हर्नोमा’ हा तुतीच्या फळासारखा वाहिन्यांचा लहान पुंजका सुमारे २०० जणांत एकाला असतो. त्रास नसेल तर बहुधा केवळ देखरेख पुरते.

नांदेडमधील परिचयाच्या एका कापड-व्यापारी कुटुंबात ५० वर्षांच्या गृहिणीला ३ मिलिमीटरचा फुगा आढळला. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळून वर्षभराने पुन्हा स्कॅन करण्यास सांगितले. घरच्यांनी मात्र ही गोष्ट त्यांच्यापासूनच लपविली आणि मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबविली. ‘घराण्यात मेंदूचा रोग’ असा बोभाटा होईल ही भीती. त्या बाईंना घरातील कुजबुज ऐकू येत होती, कारण कळत नव्हते. स्वतःला कर्करोग आहे अशी त्यांची समजूत झाली. दोन महिने त्यांनी नीट अन्न घेतले नाही. अखेर त्यांच्या थोरल्या दिरांनी पुढाकार घेऊन त्यांना डॉक्टरांसमोर बसविले आणि सर्व काही त्यांच्या देखत विचारले. अहवाल ज्याचा, तो त्याला समजला पाहिजे. घरच्यांच्या मायेपोटीसुद्धा हा हक्क हिरावून घेता येत नाही. आणि सोयरिकीबाबत एवढेच की, बहुतेक अन्युरिझम वंशपरंपरेने येत नाहीत. आईवडील व भावंडांपैकी दोघांना किंवा अधिकांना तो असेल, किंवा घराण्यात मूत्रपिंडात अनेक पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार असेल, तर इतरांनी तपासणी करून घ्यावी काय, हे डॉक्टरांना विचारावे. एका छोट्या फुग्यावरून मुलीचे भवितव्य टांगणीला लावणे हा अन्याय आहे.

यानंतरचा विषय आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे. पक्षाघात म्हटले की रोहिणी बंद पडणे किंवा फुटणे एवढेच आपण समजतो. पण मेंदूतील नीलांमध्येही रक्ताची गुठळी होते, आणि हा आजार तरुण वयात होतो. हैदराबाद हे नांदेड-लातूरकरांना जुन्या संस्थानाच्या काळापासून जवळचे. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसने अशा ४२८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वी हा मुख्यतः बाळंतिणींचा आजार मानला जाई. या नोंदींत मात्र निम्म्याहून अधिक पुरुष होते. आढळलेल्या कारणांत रक्तक्षय आणि रक्तातील होमोसिस्टीन या घटकाचे वाढलेले प्रमाण ठळक होते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता झाली की होमोसिस्टीन वाढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक आढळले. शाकाहारी व्यक्तींत हा धोका जास्त होता.

याचा अर्थ शाकाहार सोडावा असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की, दूध-दही नियमित घ्यावे, वर्षातून एकदा बी-१२ तपासावे आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध घ्यावे. औषधातील बी-१२ जंतूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यांच्या मांसातून नव्हे. कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते. त्यासाठी गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागता येते.

शरीरातील पाणी घटले की रक्त दाट होते, आणि इतर कारणे जोडीला असतील तर गुठळीची शक्यता वाढते. उपवासाने हा आजार होतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. असंख्य तपस्वी निर्विघ्नपणे अठाई पूर्ण करतात. परंतु ज्यांना पूर्वी कधी गुठळी झाली आहे, ज्यांचे होमोसिस्टीन वाढलेले आहे, ज्या भगिनी गर्भनिरोधक अथवा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेत आहेत, ज्या नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, त्यांनी चौविहार उपवासाचे प्रत्याख्यान घेण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलावे. पर्युषणात किंवा दशलक्षणात पाळी येऊ नये म्हणून या गोळ्या घेण्याची प्रथा घराघरांत आहे. गोळ्या आणि निर्जल उपवास हे दोन्ही एकत्र येणे टाळलेच पाहिजे. सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ आहे, म्हणजे तप शक्तीनुसार करावे, हे आपल्याच परंपरेने सांगितले आहे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी पद्धतही आता सोडावी.

नीलांतील गुठळीचे डोकेदुखी हे प्रमुख लक्षण असते; ती दिवसागणिक वाढत जाते, उलट्या होतात, दृष्टी अंधुक होते, फिट येते. साधा सीटी नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो. म्हणून ‘व्हेनोग्राफीची गरज आहे काय’ हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. वेळेत ओळखला तर बहुसंख्य रुग्ण पूर्ववत होतात. उपचाराचा आरंभ बहुधा हेपारिन या इंजेक्शनाने होतो. हे औषध डुकराच्या आतड्यातून मिळते, ही गोष्ट आपल्या श्रद्धेला टोचणारी आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. फोंडापॅरिनक्ससारखे कृत्रिमरीत्या तयार होणारे औषध उपलब्ध आहे. ते एखाद्या रुग्णास चालेल की नाही, हे डॉक्टरच ठरवू शकतात. घरातील वडीलधाऱ्यांनी हा विचार शांतपणे आधीच करून ठेवावा. मात्र प्राण संकटात असताना या प्रश्नावरून उपचारास एक तासही विलंब होऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तातडीच्या प्रसंगाविषयी. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे अथवा दिसेनासे होणे, आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणार्धात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रोहिणीतील गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत होऊ शकतो, पण प्रत्येक मिनिटाला मेंदूची हानी वाढतच असते. ‘दुकान बंद करून जाऊ’ किंवा ‘सकाळी पाहू’ हे दोन विचार सर्वांत महागात पडतात. रक्तस्राव की गुठळी हे सीटीवाचून कळत नाही, म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नये. लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले, हे कागदावर लिहून सोबत न्यावे. पैशाअडक्याने सधन, वयाने तरुण आणि व्यायामाची आवड असलेल्यांनाही हे टळत नाही. झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे संस्थापक नितीन कामथ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याला सौम्य पक्षाघात झाल्याचे स्वतः जाहीर केले होते. झोप अपुरी, पाणी कमी आणि थकवा अधिक, ही त्यांनी सांगितलेली संभाव्य कारणे आपल्या हंगामातील मोंढ्यालाही लागू पडतात.

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी शासकीय केंद्रे आहेत. पुढील उपचारांसाठी आपली मंडळी हैदराबाद, सोलापूर, पुणे, मुंबई येथे जातात. तातडी नसलेल्या प्रकरणात दुसरे मत घेण्यात संकोच नको. तेव्हा केवळ अहवालाचा कागद किंवा फिल्म न नेता स्कॅनची सीडी न्यावी, कारण तज्ज्ञ स्वतः सर्व चित्रे पाहू इच्छितो. चालू औषधांची यादी, मूत्रपिंडाचा क्रिएटिनिन तपास, आणि शरीरात पेसमेकर किंवा धातूची जुनी क्लिप असल्यास तिचे कागद सोबत असावेत.

खर्चाविषयी दोन शब्द. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. २०२३ मध्ये शासनाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करून संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करण्यात व्यापारी कुटुंबांनी कमीपणा मानू नये. खासगी आरोग्य विमा घेताना स्कॅनमध्ये आढळलेली गोष्ट अर्जात लिहावीच. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. परंतु माहिती दडविल्याचे उघड झाले तर दावा फेटाळला जातो. अहवाल कपाटात दडवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी कागदाचा तुकडा ठरते.

रेडिओलॉजिस्टच्या अहवालात ‘शक्यता आहे’, ‘नाकारता येत नाही’, ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ असे शब्द वारंवार येतात. अनेकांना ती टाळाटाळ वाटते. स्याद्वाद मानणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी तसे वाटू नये. एका बाजूने, एका वेळी, एका यंत्राने जे दिसले तेवढेच तो सांगतो आणि आपल्या विधानाची मर्यादाही सांगतो. रुग्णाची तक्रार, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि पूर्वीचे स्कॅन हे इतर नय जोडल्यावाचून सत्य पूर्ण होत नाही. म्हणून अहवाल हाती आला की तीन प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे जावे : जे आढळले त्याचा माझ्या तक्रारीशी संबंध आहे काय? आज काही करावयाचे आहे की लक्ष ठेवावयाचे आहे? आणि कोणते लक्षण दिसल्यास मी ताबडतोब यावे? उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्यावीत आणि घरातील दोघांना तरी वाचून दाखवावीत. ज्यांनी या चातुर्मासात मोठ्या तपाचा संकल्प केला आहे, त्यांनी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तदाब यांची तपासणी त्यापूर्वीच करून घ्यावी, ही नम्र विनंती.